घर तेच, गाव नवं

२००४ साली आम्ही मेडलॉक ब्रिज रोडजवळ घर घेतलं, त्या दिवाळीच्या आधी सांगलीहून आईचा फोन आला. फराळाचं पार्सल पाठवायचं होतं. मी पत्ता सांगितला आणि शेवटी म्हटलं, "अल्फारेटा, जॉर्जिया."

"अरे, मागे तर अटलांटा सांगितलंस. आणि तो कागद आला होता त्यावर फुल्टन होतं. नक्की गाव कुठलं तुझं?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न रास्त होता, आणि खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत नव्हतं. काही दिवसांनी मुलीचं नाव पोहण्याच्या क्लासमध्ये घालायला जवळच्या एका शहराच्या पार्कात गेलो, तर खिडकीतल्या बाईंनी नकाशा बघून सांगितलं की तुम्ही आमच्या शहरात राहत नाही, तुम्हाला बाहेरच्यांची फी पडेल. मी म्हटलं, माझ्या पत्त्यात याच शहराचं नाव आहे. त्या हसल्या. पोस्टाचं गाव वेगळं आणि नगरपालिकेचं गाव वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं. मग आमची नगरपालिका कुठली? तर कुठलीच नाही.

आपल्याकडे वाढलेल्या माणसाला हे चटकन पटत नाही. महाराष्ट्रात जमिनीचा कुठलाही तुकडा घ्या, तो कुठल्या तरी ग्रामपंचायतीत, नगरपंचायतीत, नगरपरिषदेत, महापालिकेत नाहीतर छावणीत असतोच. इथे तसं नाही. जॉर्जियात १५९ काउंट्या आहेत, त्याहून जास्त काढायच्या नाहीत असं राज्यघटनेतच लिहिलंय. या काउंट्यांच्या पोटात शहरं आहेत, आणि शहरांच्या हद्दीबाहेर उरलेली जमीन थेट काउंटीच्या ताब्यात. तिला अनइनकॉर्पोरेटेड म्हणतात. १९७२ च्या घटनादुरुस्तीनंतर पोलीस, अग्निशमन, पाणी, कचरा, बागा अशा शहरी सेवा देण्याची मोकळीक काउंट्यांनाही मिळाली. त्यामुळे लाखो लोक शहरासारख्या वस्तीत, पण कुठल्याच शहरात न राहता सुखानं नांदू लागले. आम्ही त्यांतलेच.

आता दिवाळी अंकात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. त्याचं कारण असं की गेल्या वीस वर्षांत अटलांटाच्या आजूबाजूला जी नवी शहरं जन्माला आली, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी आपण मोठ्या संख्येनं राहतो. आपल्या घराभोवती शहराची रेघ ओढली गेली, आणि ती ओढली जात असताना आपल्यातले बहुतेक जण, माझ्यासकट, ऑफिसात होते.

सुरुवात सँडी स्प्रिंग्जपासून

ही गोष्ट सुरू होते सँडी स्प्रिंग्जला. आम्ही १९९५ मध्ये आलो तेव्हा रॉसवेल रोडवरच्या एका अपार्टमेंटमध्ये राहिलो. त्या वेळी सँडी स्प्रिंग्ज नावाची वस्ती होती, शहर नव्हतं. १९६६ मध्ये तिथल्या लोकांनी अटलांटात सामील व्हायला मतदानानं नकार दिला होता, आणि सत्तरच्या दशकापासून स्वतंत्र शहराची मागणी चालू होती. मागणीच्या आघाडीवर होत्या ईव्हा गॅलॅम्बॉस. जन्म जर्मनीतला, लहानपणीच कुटुंबाबरोबर देश सोडावा लागलेला, पुढे अर्थशास्त्रात डॉक्टरेट. जवळजवळ तीस वर्षं या बाईंनी एकच विषय लावून धरला.

त्यांची तक्रार थोडक्यात अशी. फुल्टन काउंटी उत्तर-दक्षिण सुमारे सत्तर मैल लांब आहे, कारण मंदीच्या काळात, १९३२ मध्ये, उत्तरेची मिल्टन काउंटी आणि दक्षिणेची कॅम्बेल काउंटी तिला जोडली गेली. कारभार अटलांटाच्या डाउनटाउनमधून. म्हणजे आमच्या कोपऱ्यावर दुकानांची रांग होणार की तीन मजली इमारती, हे ठरवणारे लोक उंटावरून शेळ्या हाकणारे, आणि आमचा कर खर्च होणार भलतीकडेच.

घोडं अडायचं ते अटलांटात, विधिमंडळात. कारण जॉर्जियात नवीन शहर काढण्याचा अधिकार लोकांकडे थेट नाही. अर्ज केला, सह्या गोळा केल्या, झालं शहर, असं होत नाही. प्रत्येक शहर हे विधिमंडळाच्या एका स्वतंत्र कायद्यानं जन्माला येतं. त्या कायद्यालाच चार्टर म्हणतात, आपल्या जुन्या भाषेत सनद. स्थानिक विधेयक त्या काउंटीतल्या आमदारांच्या संमतीशिवाय पुढे न्यायचं नाही, असा प्रघात होता, आणि ती संमती मिळत नव्हती. वर अस्तित्वात असलेल्या शहरापासून तीन मैलांच्या आत नवं शहर काढता येणार नाही, असाही नियम होता. २००४ च्या निवडणुकीनंतर प्रतिनिधीगृहात शंभराहून जास्त वर्षांनी रिपब्लिकन बहुमत आलं आणि पारडं फिरलं. तीन मैलांची अट गेली, विधेयक मंजूर झालं. २१ जून २००५ ला सार्वमत झालं आणि सुमारे ९४ टक्के लोकांनी होकार दिला. १ डिसेंबर २००५ ला सँडी स्प्रिंग्ज शहर झालं आणि गॅलॅम्बॉस पहिल्या महापौर.

त्या शहरानं आणखी एक प्रयोग केला, त्याची तेव्हा जगभर चर्चा झाली. पोलीस आणि अग्निशमन सोडून बाकी जवळजवळ सगळा कारभार एका खासगी कंपनीला कंत्राटानं दिला. नगरपालिकेत नगरपालिकेचे नोकर मोजकेच. पुढे २०१९ मध्ये शहरानंच हिशेब केला आणि बहुतेक कामं परत आपल्या नोकरांकडे घेतली, कारण तसं स्वस्त पडत होतं. चौदा वर्षांत दोन्ही बाजूंच्या भाषणांना पुरेल एवढा मसाला त्यांनी दिला.

आमची पाळी

सँडी स्प्रिंग्जचं बघून रांगच लागली. १८ जुलै २००६, मंगळवार. प्राथमिक निवडणुकीचा दिवस होता, आणि आमच्या भागातल्या मतपत्रिकेवर एक जादा प्रश्न होता: जॉन्स क्रीक नावाचं शहर स्थापन करावं का? त्याच दिवशी शेजारी मिल्टनलाही तसंच मतदान होतं. जुन्या काउंटीचं नाव असं शहर होऊन परत आलं.

मुलीच्या शाळेतच मतदान होतं. मी तिथून गाडीनं गेलो. हिरवळीवर पाट्या लागल्या होत्या, लोक रांगेत उभे होते, शेजारच्या घरातले दोघं मला हात करत होते. मी पण हात केला आणि पुढे निघालो. ग्रीन कार्ड मिळून बरीच वर्षं झाली होती, नागरिकत्वाचा अर्ज करण्याइतके दिवस भरले होते, फक्त तो निळा पासपोर्ट हातातून सोडवत नव्हता. आज नको, पुढच्या वर्षी बघू, असं चाललं होतं. मतदान फक्त नोंदणी केलेल्या नागरिकांना. माझ्या घराचं गाव कुठलं, हे ठरत होतं, आणि मी बैठकीला उशीर होईल म्हणून घड्याळ बघत होतो.

जॉन्स क्रीकला कौल मिळाला. १ डिसेंबर २००६ ला शहर सुरू झालं. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ८२ हजारांवर गेलेली, आणि स्टेट ब्रिज रोडवरच्या कुठल्याही वाणसामानाच्या दुकानात शनिवारी सकाळी गेलात तर त्यात आपले किती, हे वेगळं सांगायला नको. मी आईला फोन करून सांगितलं, गाव मिळालं. ती म्हणाली, "मग पार्सलवर तेच लिहू का?" मी म्हटलं, नको, पोस्टवाले अजून अल्फारेटाच म्हणतात.

रेघ कशी ओढली जाते

नंतर मी नागरिक झालो, आणि बहुधा त्या मंगळवारची बोच म्हणून असेल, या विषयाच्या मागे लागलो. जे समजलं ते सांगतो, कारण ही प्रक्रिया अजून चालूच आहे आणि उद्या तुमच्या दारावर येऊ शकते.

किमान अटी अगदी हलक्या आहेत. दोनशे रहिवासी आणि चौरस मैलाला सरासरी दोनशेची वस्ती. शहर झाल्यावर टिकून राहायचं तर कायद्यातल्या सेवांच्या यादीतल्या निदान तीन सेवा द्याव्या लागतात, वर्षातून किमान सहा नियमित सभा घ्याव्या लागतात आणि निवडणुका घ्याव्या लागतात. तीनच सेवा द्यायच्या म्हटल्यावर अनेकांनी तीनच निवडल्या: झोनिंग, बांधकाम-स्वच्छतेच्या नियमांची अंमलबजावणी आणि कचरा किंवा पावसाचं पाणी. बाकी पोलीस वगैरे काउंटीचेच. याला इथे सिटी लाइट म्हणतात. २०१२ मध्ये सुरू झालेलं पीचट्री कॉर्नर्स हे त्याचं गाजलेलं उदाहरण.

सुरुवात नेहमी एखाद्या दिवाणखान्यात होते. चार-पाच शेजारी, एखादा रागाचा विषय, बहुतेक वेळा कुठल्या तरी बांधकामाला दिलेली परवानगी. मग समिती स्थापन होते, वर्गणी गोळा होते. पुढची पायरी म्हणजे आमदार गाठणं. विधिमंडळाचं अधिवेशन जानेवारीत सुरू होतं, कामाचे दिवस चाळीस, आणि सत्र दोन वर्षांचं. साधारण रीत अशी की पहिल्या वर्षी विधेयक मांडून ठेवायचं, मधल्या काळात व्यवहार्यता अभ्यास करून घ्यायचा आणि दुसऱ्या वर्षी मतदान. अभ्यास बहुतेक वेळा जॉर्जिया विद्यापीठाची कार्ल व्हिन्सन इन्स्टिट्यूट किंवा जॉर्जिया स्टेट विद्यापीठ करतं, आणि त्याचा खर्च मागणी करणारे लोक उचलतात.

या अभ्यासाबद्दल आपल्यात फार गैरसमज आहे. तो एवढंच सांगतो की प्रस्तावित हद्दीत जमणारा महसूल, तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या शहरांच्या खर्चाशी ताडून पाहता, पुरेल की नाही. कर वाढणार नाही असं तो सांगत नाही. शहर चांगलं चालेल असंही नाही. "युनिव्हर्सिटीनं पास केलंय" हे वाक्य मी पार्किंग लॉटमध्ये इतक्यांदा ऐकलंय की मोजदाद सोडली.

अभ्यासाइतकाच महत्त्वाचा असतो नकाशा, आणि तो फार कमी लोक उघडून बघतात. हद्द कुठून जाते? एखादा मोठा मॉल, एखादं ऑफिस पार्क रेघेच्या आत आहे की बाहेर? आत असेल तर शहराचा हिशेब जमतो. बाहेर राहिलेल्यांचा त्याच मापानं बिघडतो. जी जमीन आत गेली तिथल्या लोकांना मत, बाहेरच्यांना नाही. २०१८ मध्ये हेन्री काउंटीत स्टॉकब्रिज नावाच्या शहराचा चांगला कमावता भाग तोडून, बाहेरचा काही भाग जोडून ईगल्स लँडिंग हे नवं शहर करायचं ठरलं. मतदान फक्त नव्या हद्दीतल्या लोकांचं. उरलेल्या स्टॉकब्रिजच्या लोकांनी आपल्या शहराचं काय होतंय ते नुसतं बघायचं. शेवटी नव्या हद्दीतल्या मतदारांनीच ते फेटाळलं, म्हणून बरं.

चार्टरमध्येच बाकी सगळं असतं. महापौर थेट निवडायचा की कसा, नगरसेवक किती, वॉर्ड असतील की सगळ्या शहरानं सगळे निवडायचे, आणि मालमत्ता कराची कमाल मर्यादा. हा कर मिलमध्ये मोजतात. एक मिल म्हणजे करपात्र किमतीच्या दर हजारी एक डॉलर, आणि करपात्र किंमत म्हणजे बाजारभावाच्या ४० टक्के. सँडी स्प्रिंग्जची मर्यादा ४.७३१ मिल. पाच लाखांचं घर धरा. करपात्र दोन लाख. सवलती सोडल्या तर शहराचा कर वर्षाला सुमारे ९४६ डॉलर. हा सगळा नवा बोजा नसतो, कारण शहर नसलेल्या भागाकडून काउंटी ज्या सेवांसाठी कर घेत होती तो थांबतो. म्हणून "एकूण किती वाढेल" असा प्रश्न विचारायचा आणि दोन्ही आकडे समोर ठेवायला लावायचे. नुसतं "कर वाढणार" किंवा "एक पैसा वाढणार नाही" म्हणणारा, दोघांनीही अभ्यास वाचलेला नसतो.

विधिमंडळानं मंजूर केलं, राज्यपालांनी सही केली, की सार्वमत. साधं बहुमत पुरतं. त्यानंतर नगरसेवकांची निवडणूक आणि दोन वर्षांपर्यंतचा संक्रमणकाळ. या काळात काउंटी सेवा देत राहते आणि शहर एकेक काम हाती घेतं. इमारतींचा हिशेब तर गमतीचाच आहे. कायद्यानं भाव ठरवून दिलाय: काउंटीचं उद्यान नव्या शहराला एकरी १०० डॉलरनं, अग्निशमन केंद्र ५,००० डॉलरला. फुल्टन आणि डिकाल्बमध्ये असे व्यवहार झाले. ज्यांच्या करातून ती उद्यानं झाली त्या काउंटीतल्या बाकीच्या लोकांना हा भाव ऐकून काय वाटलं असेल, त्याचा विचार करावा.

शाळांबद्दल आपल्या आई-बाबांना सर्वांत जास्त काळजी असते, म्हणून स्वतंत्र सांगतो. नवं शहर झालं म्हणून शाळा बदलत नाही. नवीन शहरांना स्वतःची शाळाव्यवस्था काढायला जॉर्जियाच्या राज्यघटनेची १९४५ पासून मनाई आहे. जॉन्स क्रीकच्या शाळा फुल्टन काउंटीच्याच राहिल्या. बकहेडचं प्रकरण अवघड झालं त्याचं एक कारण हेच. तो भाग अटलांटा शहराच्या आतला. तो तुटला तर तिथल्या मुलांच्या शाळा कोणाच्या, आणि अटलांटानं काढलेल्या कर्जरोख्यांचं काय, या प्रश्नांना सरळ उत्तर नव्हतं. मार्च २०२३ मध्ये राज्याच्या सिनेटनं ते विधेयक ३३ विरुद्ध २३ मतांनी पाडलं. नुसत्या वस्तीचं शहर करणं एक, आणि चालत्या शहराचा तुकडा पाडणं दुसरंच.

होय आणि नाही

यातली कडू बाजू गाळली तर लेख अर्धवट राहील. उत्तर फुल्टनमधली पहिली नवी शहरं सधन होती आणि बहुसंख्य गोरी. आपला पैसा आपल्यापुरता ठेवायचा, गरीब आणि कृष्णवर्णीय शेजाऱ्यांच्या वाट्याचा कमी करायचा, असा आरोप तेव्हापासून होतोय. २०११ मध्ये नागरी हक्क चळवळीतले ज्येष्ठ नेते रेव्हरंड जोसेफ लोअरी आणि इतरांनी सँडी स्प्रिंग्ज, डनवुडी, मिल्टन, जॉन्स क्रीक आणि चॅटाहूची हिल्स या शहरांविरुद्ध दावा लावला. अल्पसंख्याकांच्या मताची किंमत यानं कमी होते, असं म्हणणं होतं. न्यायालयानं तो फेटाळला. नंतरच्या काळात स्टोनक्रेस्ट आणि साउथ फुल्टन ही कृष्णवर्णीय बहुसंख्या असलेली शहरंही याच वाटेनं झाली, तीही आपला कारभार आपल्या हाती हवा म्हणूनच. साउथ फुल्टन २०१७ मध्ये झालं आणि फुल्टन काउंटीत शहराबाहेरची जमीन जवळजवळ संपलीच. मला स्वतःला वाटतं, आरोपात तथ्य आहे आणि मागणीतही आहे. जॉन्स क्रीकचे रस्ते आणि बागा मी रोज वापरतो, आणि ते पैसे आधी कुठे जात होते हेही मला माहीत आहे.

सगळेच होय म्हणतात असंही नाही. २४ मे २०२२ ला कॉब काउंटीत ईस्ट कॉब, लॉस्ट माउंटन आणि व्हायनिंग्ज या तीन प्रस्तावित शहरांना मतदारांनी एकाच दिवशी नाकारलं. आधी नोव्हेंबरात व्हायचं मतदान मे महिन्यात ओढून आणलं होतं, त्याचाही राग होता. ईस्ट कॉबमधले आमचे मित्र म्हणायचे, पोलीस चांगले, शाळा चांगल्या, मग दुरुस्त काय करायचंय? त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच काउंटीत मेबलटननं मात्र होय म्हटलं. आणि एका मतानं काय होतं म्हणणाऱ्यांसाठी: २०१५ मध्ये डिकाल्बमधलं लाव्हिस्टा हिल्स हे शहर दीडशेहूनही कमी मतांनी राहिलं. आपल्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त माणसं असतात.

माझा मामेभाऊ फुरसुंगीला राहतो. त्याला ही सगळी हकीकत फोनवर सांगितली तर तो मोठ्यानं हसला. २०१७ मध्ये त्याचं गाव पुणे महापालिकेत गेलं. कराच्या ओझ्याच्या आणि न मिळणाऱ्या सुविधांच्या तक्रारी झाल्या, आणि मग फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून स्वतंत्र नगरपरिषद करण्याची अधिसूचना २०२४ मध्ये निघाली. आपल्याकडे शहर होतं ते शासनाच्या अधिसूचनेनं. हरकती आणि सूचना मागवतात, सुनावणी होते, पण मतदान नाही. "आत घातलं तेव्हा विचारलं नाही, बाहेर काढलं तेव्हाही नाही," तो म्हणाला. "तुम्हाला निदान विचारतात तरी. जाता का सांगायला?"

मी विषय बदलला.

मुलीचं मत

आमची मुलगी आणि जावई ग्विनेट काउंटीत डॅक्युलाच्या उत्तरेला राहतात. २०२४ च्या वसंतात त्यांच्या दारी तोच प्रश्न आला. मलबेरी नावाचं नवं शहर, वस्ती सुमारे ४१ हजार, ग्विनेटमधलं सतरावं शहर. फेब्रुवारीत राज्यपालांची सही झाली होती, मतदान २१ मे ला. झोनिंग, नियमांची अंमलबजावणी आणि पावसाच्या पाण्याची व्यवस्था एवढ्याच सेवा. मालमत्ता कर लावणार नाही, हे समर्थकांचं आश्वासन. आणि मागणीच्या मुळाशी काय? त्या भागात होऊ घातलेली मोठी अपार्टमेंट्स लोकांना नको होती.

एका रविवारी जेवताना वाद पेटला. जावयांचं म्हणणं सरळ होतं. रस्ते दोनच, शाळा भरलेल्या, आणि निर्णय घेणारे साडेनऊ लाखांच्या काउंटीचे कमिशनर. आपल्या कोपऱ्याचं त्यांना काय? मी मान डोलावत होतो. २००६ मध्ये मी अगदी हेच म्हणत होतो.

मुलगी भाजी वाढता वाढता थांबली. "बाबा, आपण आधी कुठे राहायचो?"

"रॉसवेल रोडला."

"अपार्टमेंटमध्येच ना? तेव्हा तिथे शहर असतं आणि त्यांनी अपार्टमेंट्स नको म्हटलं असतं, तर तुम्ही आणि आई कुठे उतरला असता?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. त्या अपार्टमेंटमध्ये पहिल्या दिवाळीला आम्ही सहा कुटुंबं एका खोलीत बसून चकल्या खाल्ल्या होत्या. आज त्यातली चार कुटुंबं स्वतःच्या मोठ्या घरात राहतात, आणि त्यातल्या दोघांच्या अंगणात मी अपार्टमेंटविरोधी पाट्या पाहिलेल्या आहेत. एक पाटी माझ्याही अंगणात लागून गेली आहे, हे कबूल करायला हवं.

जावई म्हणाले, प्रश्न अपार्टमेंटचा नाही, कोण ठरवतं याचा आहे. मुलगी म्हणाली, जो ठरवेल तो काय ठरवेल, हे आधीच माहीत असेल तर प्रश्न तोच आहे. दोघंही बरोबर होते. वरण गार झालं.

त्यानंतर तिनं जे केलं ते मी वीस वर्षांत केलं नव्हतं. चार्टर उतरवून घेतला आणि दोन रात्री बसून वाचला. व्यवहार्यता अभ्यास वाचला. नकाशावर स्वतःचं घर आणि भोवतालचे रस्ते शोधले. आपल्या आमदाराच्या कार्यालयात फोन करून तिनं विचारलं की करबंदीचं आश्वासन नेमक्या कुठल्या कलमात आहे. तिला वाईट एकाच गोष्टीचं वाटलं. हे प्रश्न विचारायची खरी वेळ विधेयक समितीपुढे होतं तेव्हाची, जानेवारीतली. तेव्हा हद्द हलवता येत होती, कलम बदलता येत होतं. मे महिन्यात हातात उरतं ते फक्त होय किंवा नाही.

आपल्या मंडळींना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. देवळाला जागा घ्यायची असो, मंडळाच्या हॉलला गाड्या लावायची परवानगी हवी असो, घराला डेक लावायचा असो, घरून केटरिंगचा व्यवसाय करायचा असो, हे सगळं झोनिंग ज्याच्या हातात त्याच्या हातात. ते हात कोणाचे असतील याचा मसुदा दोन वर्षं आधी लिहिला जातो. शहर झाल्यावर नगरपालिकेच्या निवडणुका येतात त्या बहुतेक विषम वर्षांच्या नोव्हेंबरात, जेव्हा मतपत्रिकेवर ना राष्ट्राध्यक्ष असतो ना राज्यपाल, आणि आपण दिवाळीच्या कार्यक्रमाच्या तालमीत असतो.

२१ मे च्या संध्याकाळी मी तिला फोन केला. "काय केलंस?"

"मत दिलं."

"ते कळलं. होय की नाही?"

"बाबा, गुप्त मतदान असतं."

सुमारे ५७ टक्क्यांनी होकार दिला. नोव्हेंबरात पहिले पाच नगरसेवक निवडून आले आणि १ जानेवारी २०२५ पासून मलबेरी शहर झालं. जावयांनी मला कधी सांगितलं नाही की तिनं कुठे शिक्का मारला, बहुधा त्यांनाही माहीत नसावं. पण शहराच्या सभांना जाते ती तीच. अपार्टमेंटचा विषय निघाला की मागच्या ओळीत बसून टिपणं काढते, असं ते सांगतात.

आई आता नव्वदीला टेकली आहे. नातीला फराळ पाठवायचा हट्ट कायम आहे. परवा फोनवर विचारत होती, "तिच्या गावाचं नाव बदललं म्हणे. मग पार्सलवर काय लिहू?"

मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आजीला सांगा, अजून डॅक्युलाच लिही. पोस्टवाल्यांना कळायला वेळ लागेल."